फुंशालला उतरवलेली वृंदा

वृंदा,

तू अजून रियाधमध्येच आहेस. आज अकरावा दिवस. हेमंत रोज सकाळी फाइल काखोटीला मारून निघतो. पोलिसांचा कागद झाला, दूतावासाचा झाला, आता त्याच्या कफीलच्या, म्हणजे नोकरीवर ठेवणाऱ्या मालकाच्या, ऑफिसातल्या एका सहीपाशी सगळं अडलंय. तिथला माणूस रोज 'बुकरा' म्हणतो, म्हणजे उद्या. तुला पुण्याला कधी नेता येणार हे नवऱ्यालाही ठाऊक नाही, पण तुझी शोकसभा मात्र आम्ही उरकून घेतली. काल शुक्रवार होता, सगळ्यांना सुट्टी होती आणि आपल्या मराठी मंडळातल्या क्षीरसागरांचा व्हिला मोकळा होता. समोसे होते, त्यातही बटाट्याचे वेगळे आणि पनीरचे वेगळे. तू शवागारात आणि इथे लोक एकमेकांना विचारताहेत, चिंचेची चटणी संपली का. मला शिसारी आली. पण एक समोसा मीही खाल्ला, तेव्हा या लिहिण्यात मी कुणापेक्षा बरी ठरेन अशी अपेक्षा ठेवू नकोस.

मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं होतं. क्षीरसागरांनी ग्रुपवर विषयही टाकला होता, 'वृंदा आणि आपल्या सहली', आणि खाली हात जोडलेली तीन चित्रं. त्या माणसाची हिंमत बघ. जहाजावर काय झालं हे आपल्या पाच जणांना माहीत होतं: ते दोघं नवरा-बायको, मी, माझा नवरा अतुल आणि तू. पाचातली तू गेलीस. आता आम्ही चौघांनी तोंड मिटून ठेवलं की तुझ्या आर्याच्या मनात तिची आई जन्मभर तशीच राहणार, नियम मोडून खोलीत भात शिजवणारी आणि त्यापायी जहाजावरून हाकललेली बाई. काल मला ठरवायचं होतं ते एवढंच.

तुला हे सगळं सांगायची गरज नाही. तरी सांगते, कारण आपण दोघी यावर कधी धड बोललोच नाही.

आपल्या मंडळाची रीत तुला तोंडपाठ होती. कुठेही जायचं तर विजेचा कुकर न्यायचा. बाकूच्या हॉटेलात आपण बाथरूममध्ये तांदूळ धुतले, वरचा पंखा लावून खिचडी केली आणि वास जाऊ नये म्हणून दाराच्या फटीला ओला टॉवेल लावला. तिबिलिसीत तर फोडणीसुद्धा दिली. आपल्याला त्याचं केवढं कौतुक. परत आल्यावर महिनाभर तेच किस्से. लाखभर रुपये खर्चून परदेशात जायचं आणि तिथे चोरासारखं बाथरूममध्ये बसून वरणभात खायचा, यात लाज वाटण्याजोगं काही आहे हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तू हसायचीस. तू स्वतः मिळेल ते खायचीस, तुला भाताची हौस कधीच नव्हती.

या सहलीला तू आलीस ती खाण्यासाठी नव्हे, फिरण्यासाठीही नव्हे. लिस्बनहून निघून मदेराचं फुंशाल, मग कॅनरी बेटांतलं टेनेरिफ, मग काडिझ, मालागा आणि शेवटी बार्सिलोना. क्षीरसागरांनी यादी वाचली तेव्हा बाकीचे कुठल्या बंदरात काय स्वस्त मिळतं ते बोलत होते. तू फक्त टेनेरिफवर थांबलीस. एकोणीस वर्षं भूगोल शिकवताना मी फळ्यावर निळ्या मार्करने कॅनरी प्रवाहाचा बाण काढतेय, म्हणालीस, एकदा त्या पाण्यात हात घालून बघायचाय, खरंच थंड आहे का. हेमंतच्या बँकेतली नवी प्रणाली नेमकी त्याच आठवड्यात सुरू व्हायची होती. आर्याने 'अंकल-आंटी लोगों की ट्रिप' म्हणून नाक मुरडलं. तरीही ईदच्या सुट्टीत तू एकटी आलीस. तुला एकटीला खोली मिळाली आणि तीच तुला भोवली.

कुकर माझा होता. तीन माणसांपुरता, झाकणाचा टवका उडालेला. जहाजावर वीज लावून तापणारं काहीही न्यायला बंदी आहे हे तिकिटाबरोबरच्या पत्रकात पहिल्याच पानावर होतं. क्षीरसागरांनी ते वाचून दाखवलं आणि वर उपायही सांगितला: भाग सुटे करायचे. भांड्यात चिवडा भरला, ते झालं डबा. तळाची तबकडी मी बुटांमध्ये कोंबली. वायर त्यांच्या चार्जरच्या गुंत्यात गेली. तपासणीच्या यंत्रातून तिन्ही बॅगा निघाल्या तेव्हा आम्ही एकमेकांना डोळे मारले. पन्नाशीला आलेली माणसं. मला आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या जहाजाची मला पहिल्या संध्याकाळीच किळस आली होती. लोक ताटात कोळंबीचे ढीग रचायचे, चार खायचे आणि बाकी तशीच सोडून केकच्या रांगेत उभे राहायचे. आम्ही तर त्याहून थोर. स्मिता क्षीरसागर पर्समध्ये कागदी रुमालात गुंडाळून ब्रेड भरायची, अतुल दोन्ही खिशांत केळी घालायचा. 'पैसे दिलेत' हे वाक्य मी त्या दोन दिवसांत इतक्या वेळा ऐकलं, की मला माणसांची तोंडं दिसेनात, फक्त जबडे दिसायला लागले. तू एका पेल्यात सूप घेऊन बाहेर जायचीस आणि कठड्याशी उभी राहून प्यायचीस.

मग तिसरा दिवस. दुसऱ्या रात्री जहाजाने लिस्बन सोडल्यावर अटलांटिकने आम्हाला आपली ओळख करून दिली. सकाळपासून मी, अतुल, ते दोघं, सगळे आडवे. कुणाच्या पोटात पाणी ठरेना. एकट्या तुला काही झालं नाही. वाऱ्यात केस सोडून तू वर डेकवर उभी होतीस, आणि दर तासाला खाली येऊन आमचं तोंड पुसत होतीस. दुपारी मला तुझ्या खोलीत आणून निजवलंस, कारण आमच्या खोलीतला वास असह्य झाला होता.

तिथे तुझ्या बिछान्यावर पडून मी मऊ भाताचा धोशा लावला. तू म्हणालीस, अगं पत्रकात स्पष्ट लिहिलंय, चालत नाही. वरून साधा भात मागवते. मी ऐकेना. लहान पोरीसारखी रडले. त्यांचा भात नको, आपला हवा, तूप-मीठ घातलेला. तिकडे क्षीरसागरांना कुणकुण लागली आणि ते भिंतीला धरत धरत वायर घेऊन आले, मागे कुकरचे बाकीचे भाग आणि तांदूळ घेऊन स्मिता, मागे अतुल. वर बुफेतून उचललेल्या कागदी थाळ्या त्याच्या हातात होत्या. तू एकदा सगळ्यांकडे पाहिलंस, एकदा माझ्याकडे, आणि तांदूळ धुवायला गेलीस.

वाफ वर गेली आणि गजर सुरू झाला. बाकूच्या पंख्यासारखं ते नव्हतं. समुद्रात आग म्हणजे काय, हे त्या धावत आलेल्या दोन माणसांच्या चेहऱ्यावर होतं. एकाच्या हातात आग विझवायचं नळकांडं, दुसऱ्याने आधी वायर उपटली. मागून पांढऱ्या गणवेशातली अधिकारी बाई आली. बाहेर शेजारच्या खोलीतले म्हातारे नवरा-बायको जीवरक्षक जॅकेट हातात धरून उभे होते. अधिकारी बाईने आवाज न चढवता विचारलं, हे कुणाचं आहे.

क्षीरसागर गालिच्याकडे बघायला लागले. अतुलने थाळ्या पाठीमागे घेतल्या. मी ओकारीची पिशवी तोंडाशी धरून बसले होते, आणि खरं सांगते वृंदा, त्या क्षणी मला काहीसुद्धा होत नव्हतं. मळमळ केव्हाच थांबली होती. पिशवी मी नुसती धरून ठेवली.

"माझं आहे," तू म्हणालीस. वर्गात हजेरी घेतेस त्या आवाजात.

संध्याकाळी तुझ्या दाराखालून पत्र आलं. आगीचा नियम मोडल्याबद्दल पुढच्या बंदरात उतरावं लागेल, परतीची सोय स्वतः करावी. आमची बैठक बसली ती तुला सोडून, कॉफीच्या दालनात. क्षीरसागर म्हणाले, सगळ्यांनी हात वर केले तर सगळ्यांना उतरवतील, तिचा त्यात काय फायदा. अतुल म्हणाला, शेंगेनमध्ये नावावर डाग लागला तर मुलाच्या जर्मनीच्या व्हिशाचं काय. मुलाच्या अर्जाचा आणि माझ्या कुकरचा संबंध काय, असं मी विचारायला हवं होतं. मी मान हलवली. कुणीतरी कारण पुढे केलं आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं.

फुंशालला सकाळी नऊला तू उतरलीस. डोंगरावर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली लाल कौलांची घरं, खाली जांभळी फुलं, आणि तू धक्क्यावर बॅग ओढत चाललेली. मी वरच्या मजल्यावरून पाहिलं. खाली यायची मला हिंमत झाली नाही. तू वळून हात केलास, तो मला होता की जहाजाला, हे मला कळलं नाही, म्हणून मी हात केला नाही. दुपारी आम्ही तेच गाव बघायला उतरलो. तू विमानतळावर लिस्बनच्या विमानाची वाट बघत होतीस आणि आम्ही वेताच्या घसरगाडीत बसून उतारावरून किंचाळत खाली येत होतो. त्याचे फोटो आहेत. क्षीरसागरांनी काल ते मोठ्या टीव्हीवर लावले होते.

आणि टेनेरिफ. टेनेरिफला आम्ही मॉलमध्ये गेलो. समुद्राला पाठ करून.

परत आल्यावर मी मधाचा केक घेऊन तुझ्याकडे आले. आठवतं ना, तू वह्या तपासत होतीस. मी तासभर इकडचं तिकडचं बोलले. शेवटी म्हणाले, मी तिथे बोलायला हवं होतं. तू लाल पेन खाली ठेवलंस. "तेव्हा बोलली असतीस तर आपण दोघी उतरलो असतो. मला सोबत झाली असती," म्हणालीस. बस. मी रडायच्या तयारीत होते, तू पुढची वही उघडलीस. मला तू चिडायला हवी होतीस. चार शिव्या दिल्या असत्यास तर मी सुटले असते. म्हणून उलट मीच वाद घातला: कुणी सांगितलं होतं तुला मोठेपणा करायला, मी काही तुला ते स्वतःवर घ्यायला लावलं नव्हतं. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. ते परत घ्यायचं राहून गेलं.

तू विषय बदललास. टेनेरिफचा डोंगर बघितला का, विचारलंस. मी हो म्हणाले. ढग कुठे होते, उत्तरेच्या अंगाला, मध्यावर, आणि वर शिखर मोकळं? मी म्हणाले, हो, अगदी तसेच. पाणी? थंडगार, मी म्हणाले. तुझा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. पुढच्या आठवड्यात तू आठवीच्या वर्गात ते चित्र काढलंस आणि मुलांना सांगितलंस, माझ्या मैत्रिणीने स्वतः पाहिलंय. आर्यानेच मला हे सांगितलं. मी दिलेली थाप तू फळ्यावर काढून शिकवलीस.

त्यानंतर तू शुक्रवारच्या बैठकांना येईनाशी झालीस. मंडळात गोष्ट फिरली ती क्षीरसागरांच्या मापाची: वृंदाला भाताचा फार सोस, आम्ही नको नको म्हणत होतो. त्यांच्या मुलीने ती शाळेत नेली. तुला पोरं पाठीमागे 'कुकर मिस' म्हणायला लागली. आर्याने घरी येऊन तुला विचारलं, खरं का हे, आणि तू म्हणालीस, झालं ते झालं. त्या पोरीने दोन महिने तुझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मला हे सगळं कळत होतं. मला तुझाही राग येतो, ऐकून घे. मला वाचवायचं ते वाचवलंस, पण पोरीपाशी तरी खरं बोलायचंस. तुझ्या या गप्प राहण्याला लोक काल 'शालीनता' म्हणत होते. मी त्याच्या आडोशाला आठ महिने मजेत राहिले, आणि तू शाळेत चौथ्या तासाला कोसळलीस.

तर काल. क्षीरसागर उभे राहिले. आधी आवाज जड केला, मग म्हणाले, वृंदाताईंना असं रडत निरोप दिलेला आवडणार नाही, त्या फार हौशी होत्या. आणि कुकरची गोष्ट सांगितली. वायर कुणी नेली ते गाळून, थाळ्या गाळून, गजराचा आवाज मात्र तोंडाने काढून दाखवला. लोक हसले. शोकसभेत लोक पोट धरून हसले, वृंदा, डोळे टिपता टिपता. हेमंत चपलांकडे बघत होता. आर्या मात्र सगळ्यांकडे बघत होती.

"मम्मा चावल खाती ही नहीं थी," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मग माझं नाव पुकारलं. मी लिहून आणलेला कागद उघडलाच नाही. म्हणाले, कुकर माझा होता. भात मला हवा होता. वायर यांची होती आणि आम्ही चौघं तिथे उभे होतो. जहाजावरची अधिकारी विचारत होती तेव्हा आम्ही चौघंही गप्प बसलो. अतुलने माझी ओढणी खाली ओढली. स्मिता पाण्याचा ग्लास घेऊन आली. क्षीरसागर माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना म्हणाले, मेघना फार खचलीये, दोघी बहिणींसारख्या होत्या, आपण आता दोन मिनिटं मौन पाळूया. आणि सगळे उभे राहिले. तीस माणसांनी माना खाली घातल्या. तुझ्यासाठी नव्हे, माझं तोंड बंद व्हावं म्हणून. त्या दोन मिनिटांत मला जितकी घाण वाटली तितकी त्या जहाजावर, त्या ओकाऱ्यांच्या वासातसुद्धा वाटली नव्हती. आणि मी पुन्हा गप्प उभी राहिले.

बाहेर पडले तेव्हा आर्या मागून आली. गेटपाशी वाळूचं वारं सुटलं होतं, तिने ओढणी तोंडावर घेतली होती. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, टेनेरिफच्या थापेसकट. ती रडली नाही. मला वाटलं होतं ती मला मिठी मारेल किंवा शिव्या देईल. तिने फक्त विचारलं, वह कुकर अब कहाँ है?

मी म्हणाले, घरी.

वापस मिला? कैसे? वह तो मम्मा के नाम पे था.

तेव्हा मला तेही सांगावं लागलं, जे मी तुझ्यापाशी कधी बोलले नाही. बार्सिलोनाला उतरायच्या सकाळी जप्त केलेल्या वस्तू एका टेबलावर मांडतात. इस्त्र्या, किटल्या, दारूच्या बाटल्या. टवका उडालेलं झाकण मला लांबूनच दिसलं. त्याला तुझ्या खोलीचा क्रमांक बांधलेला होता. अतुल म्हणाला, जाऊ दे, पण मी गेले. चांगला कुकर होता. टेबलामागच्या मुलीने तो उचलून विचारलं, हे कुणाचं आहे.

मी म्हणाले, माझं आहे. वहीत सही केली, बॅगेत भरला आणि घेऊन आले. परवाच त्यात भात लावला होता.

आर्याने ओढणी तोंडावरून खाली घेतली.

"तो उस दिन भी इतना ही बोलना था ना, मावशी," ती म्हणाली.

मी हो म्हणाले.